श्रवणयंत्र परत करण्यापूर्वी

वाचकाचे पत्र: सप्रेम नमस्कार. माझे वय ६७ वर्षे असून मी निवृत्त शिक्षिका आहे. सात-आठ वर्षांपासून ऐकू कमी येत होते. मुलाच्या आग्रहामुळे अखेर तपासणी केली आणि दोन्ही कानांसाठी श्रवणयंत्रे घेतली, त्याला आज १९ दिवस झाले. यंत्र लावले की पंख्याची घरघर, नळाचे पाणी, भांड्याला भांडे लागल्याचा आवाज, इतकेच काय पण वर्तमानपत्राचे पान उलटण्याचा आवाजसुद्धा अंगावर येतो. माझाच आवाज मला मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. एवढे सोसूनही चारचौघे एकदम बोलू लागले की काही कळत नाही, आणि नातीचे बोलणे तर मुळीच उमगत नाही. परवा एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, आता मशीन घेतलंय ना?” तेव्हापासून यंत्रे डबीत ठेवली आहेत. कोणी पाहुणे आले तर तासभर लावते. दोष यंत्राचा आहे की माझे कानच आता कामातून गेले आहेत? यंत्र परत करून टाकावे का?

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

यंत्र परत करू नका, निदान एवढ्यात तरी नाही. आपले कान कामातून गेलेले नाहीत, आणि आपण लिहिलेल्या गोष्टींवरून यंत्रही सदोष दिसत नाही. आपल्या तक्रारींपैकी काही सवयीने जातील. काही मात्र कितीही सवय केली तरी जाणार नाहीत, कारण त्या श्रवणतज्ज्ञाकडून दुरुस्त करून घ्यायच्या आहेत. आणि एक तक्रार अशी आहे, की तिचा संबंध ना यंत्राशी आहे ना आपल्या कानांशी; ती घरातल्या माणसांनी सोडवायची आहे. बहुतेक जण या तिन्हींची सरमिसळ करतात, सगळे सवयीने जाईल म्हणून मुकाट्याने सोसतात किंवा सगळेच बिघडले आहे असे समजून यंत्र डबीत ठेवतात. म्हणून एकेक तक्रार वेगळी करून पाहू.

त्याआधी १९ दिवसांविषयी. यंत्र घरात येऊन १९ दिवस झाले, पण पाहुण्यांपुरते तासभर लावल्याचा हिशेब धरला तर प्रत्यक्ष वापर थोड्याच तासांचा भरेल. आजकालची बहुतेक यंत्रे ती रोज किती तास वापरली गेली याची नोंद स्वतःच ठेवतात, आणि तपासणीच्या वेळी ती नोंद तज्ज्ञाला संगणकावर दिसते. हे मी आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपण हे यंत्र खऱ्या अर्थाने अजून वापरून पाहिलेलेच नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढण्याची वेळही अजून आलेली नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. यंत्र परत करण्याची काही मुदत ठरलेली असेल तर ती तारीख पाहून ठेवा आणि मुदत वाढवून मिळेल का, हे आजच विचारा. डोक्यावर टांगती तलवार असताना सवय होत नाही.

आता मूळ प्रश्न: इतके साधे आवाज अंगावर का येतात? आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तिच्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म रोमपेशी असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी वरच्या पट्टीतले, म्हणजे बारीक आणि तीक्ष्ण आवाज टिपतात. आत टोकाकडच्या पेशी खर्जातले आवाज टिपतात. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते तेव्हा सहसा तोंडाशी असलेल्या पेशी आधी निकामी होतात, आणि माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे एकूण आवाज ऐकू येतो, पण त्यातला बारीक भाग गळून पडतो. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि आवाजाचा जोर त्यांच्यातच असतो. पण स, श, च, त, थ, क, ख, फ यांसारखी व्यंजने, ज्यांच्यावर शब्दाचा अर्थ उभा असतो, ती वरच्या पट्टीत आणि हळू उमटतात. म्हणूनच सात की हात, पाच की पास असा घोळ होतो, आणि ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ असे या अवस्थेतील जवळजवळ प्रत्येक माणूस सांगतो. आपणही गेली सात-आठ वर्षे हेच म्हणत असाल.

हा बदल इतका सावकाश होतो की मेंदू त्या अर्धवट आवाजालाच पूर्ण आवाज समजू लागतो. पंख्याची घरघर नाहीशी झाली, कागदाची सळसळ नाहीशी झाली, स्वतःच्या पावलांचा आवाज नाहीसा झाला, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागला नाही. श्रवणयंत्र हे सारे एका दिवसात परत आणून देते. पंखा पूर्वीही घरघरत होताच. चांगले ऐकू येणाऱ्या माणसाचा मेंदू तो आवाज बिनकामाचा म्हणून बाजूला सारतो, त्यामुळे त्याला तो जाणवत नाही. आपल्या मेंदूची ही निवड करण्याची सवय मोडली आहे. ती पुन्हा लागते, मात्र त्यासाठी ते आवाज रोज आणि पुष्कळ वेळ कानावर पडावे लागतात. डबीतल्या यंत्राने ती लागणार नाही, आणि तासाभराच्या वापराने तर रोज पहिलाच दिवस उजाडतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी पहिल्या आठवड्यात खोलीतले भिंतीवरचे घड्याळ काढून कपाटात ठेवले होते, कारण त्याची टिकटिक त्यांना डोक्यात घाव घातल्यासारखी वाटत होती. मी त्यांना ते परत भिंतीवर लावायला सांगितले. ते नाराज झाले, पण त्यांनी ऐकले. महिनाभराने मी टिकटिकीविषयी विचारले तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “घड्याळ आहे तिथेच. चालू असणार.” पंखा, नळ आणि वर्तमानपत्र यांच्या बाबतीत आपल्यालाही असाच अनुभव येईल असे मला वाटते. पहिल्या काही आठवड्यांत मोठा फरक पडतो आणि बारीकसारीक सुधारणा पुढे काही महिने होत राहते.

एक भेद मात्र नीट लक्षात ठेवा. आवाज नकोसा वाटणे वेगळे आणि आवाज कानात टोचणे, दुखणे किंवा दचकून यंत्र ओढून काढावेसे वाटणे वेगळे. अंतर्कर्णातल्या पेशी कमी झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज इतरांइतकेच, कधी कधी त्याहून जास्त मोठे वाटतात. म्हणजे ‘ऐकू येते’ आणि ‘सोसवत नाही’ यांच्यामधली जागा अरुंद होते. चांगले यंत्र हळू आवाज जास्त वाढवते, मोठा आवाज कमी वाढवते आणि एका ठरावीक मर्यादेपलीकडे आवाज जाऊच देत नाही. भांडे आपटल्यावर खरोखर वेदना होत असेल तर ही कमाल मर्यादा आपल्यासाठी जास्त ठेवली गेली आहे असे समजावे. ते काम सवयीचे नाही. तज्ज्ञाने ती मर्यादा संगणकावर काही मिनिटांत खाली आणायची असते.

मडक्यातल्या आवाजाची तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे लोक यंत्रच नव्हे तर बोलणेही कमी करतात. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानात येतो तसाच हाडांमधून बाहेरच्या कानाच्या नळीतही पोहोचतो. एरवी तो नळीच्या उघड्या तोंडातून बाहेर निघून जातो. तोंडाशी यंत्राचे बोंडूक, म्हणजे कानात बसणारे मऊ टोक, बसले की तो आतच कोंडतो आणि घुमतो. याची परीक्षा आपण घरी करू शकता. यंत्र कानात असू द्या, पण बंद करा, आणि मोठ्याने ‘ई’ व ‘ऊ’ असे लांबवून म्हणा. यंत्र बंद असतानाही आवाज घुमत असेल तर कारण नळी कोंडण्याचे आहे. तज्ज्ञ त्या बोंडकाऐवजी मोठे छिद्र असलेला प्रकार बसवू शकतात, कानाच्या मापाने बनवलेला साचा असेल तर त्यातले छिद्र रुंद करू शकतात किंवा तो कानात किती आत बसतो हे बदलू शकतात. याउलट, यंत्र बंद असताना घुमत नाही आणि चालू केल्यावरच घुमते असे आढळले, तर खालच्या पट्टीतला आवाज प्रमाणाबाहेर वाढवला गेला असण्याचा संभव जास्त. ती दुरुस्ती केवळ संगणकावरची आहे. आपण या परीक्षेचे उत्तर घेऊन गेलात तर तज्ज्ञाचा अर्धा वेळ वाचेल. राहिलेला थोडासा वेगळेपणा सवयीने जातो. आपण आयुष्यभर वर्गात मोठ्याने बोलला आहात; आपल्या आवाजाची जुनी ओळख मेंदूत पक्की आहे, नवी ओळख व्हायला त्याला थोडा अवधी द्या. रोज पाच-दहा मिनिटे मोठ्याने वाचन करणे हा यावरचा उत्तम उपाय आहे.

वापराचे वेळापत्रक कसे ठेवावे याविषयी तज्ज्ञांमध्ये थोडा मतभेद आहे. पहिल्या दिवसापासून जागेपणीचे सर्व तास यंत्र लावावे असे पुष्कळ जण सांगतात, आणि ज्याला ते जमते त्याने तसेच करावे. परंतु आपण एकदा कंटाळून यंत्र बाजूला ठेवले आहे, म्हणून मी आपल्याला पायरी-पायरीने जायला सांगेन. पहिले दोन दिवस सकाळी घर शांत असताना सलग तीन तास लावा, पाहुण्यांसाठी नव्हे तर एकटे असताना, घरातली कामे करताना. मग रोज एकेक तास वाढवा, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत उठल्यापासून झोपेपर्यंतचा वेळ भरून निघेल. डोके शिणले तर अर्धा तास काढून ठेवण्यात काही गैर नाही. ऐकण्याचे हे श्रम खरे असतात, संध्याकाळी येणारा थकवा हा आपला दुबळेपणा नव्हे. पण काढलेले यंत्र त्याच दिवशी परत लावा. यंत्रे दोन्ही लावा. आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन कानांत पोहोचलेल्या आवाजांतील सूक्ष्म फरकावरून ओळखतो, आणि गोंगाटातून एक आवाज निवडायलाही त्याला दोन्ही बाजूंची मदत लागते. ‘आज एकच लावते’ असे म्हणून ही मदत निम्मी करू नका.

एक सराव आवर्जून करा. नातीला दोन प्रती असलेल्या एखाद्या पुस्तकातली किंवा फोनवर दोघींना दिसेल अशी गोष्ट निवडायला सांगा. ती समोर बसून वाचेल आणि आपण मजकुरावर बोट फिरवत ऐकायचे. डोळ्यांना दिसणारा ‘स’ आणि कानाला नव्याने ऐकू येणारा ‘स’ यांची अशी जोड बसली की मेंदू तो आवाज लवकर ओळखू लागतो. आठवड्याने तोच परिच्छेद पुस्तक मिटून ऐका. लहान मुलांचा आवाज मुळातच वरच्या पट्टीतला, बोलण्याची गती जास्त आणि शब्द तोंडातल्या तोंडात. म्हणजे आपल्या कानांना जे सर्वांत अवघड तेच सारे नातीच्या बोलण्यात एकत्र आले आहे. तिचे बोलणे उमगायला वेळ लागतो यात यंत्राचा दोष नाही आणि आपलाही नाही. आपण तर मुलांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घालवले आहे. या वेळी शिकवणारी ती असेल, आणि मला खात्री आहे की तिला हे काम फार आवडेल.

चारचौघांतल्या बोलण्याविषयी मात्र मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. श्रवणयंत्र हे चष्म्यासारखे नाही. चष्म्यातून नजर बहुधा पूर्ववत होते. यंत्र आवाज पोहोचवते, पण गेलेल्या पेशींची बारकावे वेगळे करण्याची क्षमता परत आणत नाही. म्हणून गोंगाटात बोलणे समजणे ही सर्वांत शेवटी सुधारणारी आणि कधीच शंभर टक्के न होणारी गोष्ट आहे. तिथे जागेची निवड यंत्राइतकीच उपयोगी पडते. भिंतीकडे पाठ करून बसा, किंवा गोंगाट पाठीमागे आणि बोलणारा समोर राहील असे पाहा, कारण यंत्रातील मायक्रोफोन समोरचा आवाज जास्त उचलण्यासाठी योजलेले असतात. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असू द्या. अंतर कमी करा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून मारलेल्या हाकेपेक्षा हातभर अंतरावरचे साधे बोलणे कधीही स्पष्ट कळते. आणि घरात चारजण असतील तर आधी एकाशीच बोला. सर्वांचे सर्व ऐकण्याचा हट्ट पहिले दोन महिने धरू नका.

आता आपल्या चिरंजीवांविषयी, आणि हा परिच्छेद कृपया त्यांना वाचायला द्या. आईने यंत्र घेतले म्हणजे तिचा प्रश्न सुटला असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे, पण तिचे काम आता कुठे सुरू झाले आहे. ‘मशीन घेतलंय ना?’ हे वाक्य आपण सहज बोलला असाल. त्यानंतर यंत्र डबीत गेले, हे तिने आपल्याला बहुधा सांगितलेले नाही. बोलण्याआधी तिला हाक मारा आणि तिने पाहिल्यावरच बोला. दुसऱ्या खोलीतून, पाठमोरे राहून किंवा घास तोंडात असताना बोलू नका. ओरडू तर मुळीच नका, कारण ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने होत नाहीत, आणि चेहराही बोलण्याचा न राहता रागाचा होतो. एखादे वाक्य दोनदा सांगूनही कळले नाही तर तेच तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगा. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ असे कधीही म्हणू नका. ऐकू न येण्याचे दुःख सोसता येते, पण आपल्याला सांगण्यासारखे काही नव्हते असे म्हटले गेल्याचे दुःख फार दिवस राहते.

यंत्राची निगा अवघड नाही. लाल खूण उजव्या कानाची आणि निळी डाव्या कानाची. झोपताना आणि अंघोळीपूर्वी काढा, रोज रात्री कोरड्या मऊ कापडाने पुसा, पाणी किंवा कोणतेही द्रव लावू नका आणि ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवा. सेल बदलायचे यंत्र असेल तर रात्री सेलचे झाकण उघडे ठेवा, आणि नव्या सेलवरची चिकटपट्टी काढल्यावर मिनिट-दोन मिनिटे थांबून मग तो बसवा, कारण तो हवेच्या संपर्काने कार्यान्वित होतो. यंत्र कानात शिटी वाजवू लागले तर बहुधा ते नीट बसलेले नसते किंवा कानात मळ साचलेला असतो. मळ काढण्यासाठी कापसाची काडी घालू नका, तिने तो आत ढकलला जातो. डॉक्टरांकडून काढून घ्या. कानात दुखणे, फोड किंवा स्राव असेल तर यंत्र काढून ठेवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाचे ऐकणे अचानक, एक-दोन दिवसांत खाली गेले, किंवा सोबत चक्कर आली, तर यंत्राचा दोष समजून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण अशा वेळी उपचाराचे दिवस मोजके असतात.

श्रवणतज्ज्ञाकडे पुन्हा जाण्याची वेळ आजच ठरवा. पहिल्या जुळणीत आवाज मुद्दाम थोडा कमी ठेवून पुढे टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत आहे, त्यामुळे दोन-तीन भेटी लागणे हे बिघाडाचे लक्षण नाही. तोपर्यंत एका छोट्या वहीत नोंदी ठेवा. ‘आवाज मोठा वाटतो’ असे सांगितले तर तज्ज्ञ सगळेच कमी करून टाकतील आणि हवी असलेली व्यंजनेही त्यासोबत जातील. त्याऐवजी ‘नळ सोडला की उजव्या कानात टोचते’, ‘भांड्याच्या आवाजाने दचकते पण दुखत नाही’, ‘यंत्र बंद असताना ई म्हटले तरी घुमते’, ‘नातीचे सात आणि हात सारखेच वाटतात’ असे लिहा. वर्गातल्या मुलाची नेमकी चूक हेरण्याची आपली सवय इथे उपयोगी येईल. शिवाय एक गोष्ट आपण होऊन विचारा: कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी ठेवून यंत्रातून प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो याचे मोजमाप झाले आहे का? याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. प्रत्येकाच्या कानाच्या नळीचा आकार वेगळा असल्यामुळे संगणकाने सुचवलेला आवाज आणि पडद्याशी पोहोचलेला आवाज यांत बराच फरक पडू शकतो, आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही. मोजमाप झाले नसेल तर ते करून घेण्याचा आग्रह धरा. त्यांच्याकडे सोय नसेल तर जिथे आहे तिथे जाऊन करून घ्या.

रोज पुरेसे तास वापर झाला, आवश्यक ती दुरुस्ती झाली, हे मोजमाप झाले, आणि तरीही दोन-तीन महिन्यांनी समोरासमोरच्या शांत बोलण्यातसुद्धा काहीच फरक जाणवला नाही, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा यंत्राचा प्रकार बदलण्याचा किंवा पुढील तपासण्यांचा विचार करता येईल. श्रवणतज्ज्ञाकडच्या भेटीला चिरंजीवांना सोबत न्या, आणि वहीचे पहिले पान उद्या सकाळच्या तीन तासांनंतर लिहा.